जुन्या गाडीचे सुटे भाग घरीच उजळा, पण विहीर, वासरे आणि मुले सांभाळून

शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या वाड्यावस्त्यांवर फिरले म्हणजे एक गोष्ट हमखास नजरेस पडते. गोठ्याच्या कडेला किंवा कडब्याच्या गंजीआड एखादी जुनी गाडी उभी असते. कुठे महिंद्राची जीप असते, कुठे फियाट असते. आजोबांनी ती पहिल्या मोठ्या उसाच्या पट्टीवर घेतलेली असते. घरातली लग्ने, बाळंतपणे, बाजारहाट आणि जेजुरीची वारी हे सगळे तिने ओढलेले असते. मग नवी गाडी दारात येते, जुनी मागे सरते आणि कोंबड्या तिच्यात अंडी घालू लागतात. भंगारवाला वर्षातून दोनदा येऊन भाव सांगून जातो. द्यायचे मन होत नाही, आणि नीट करायला किती खर्च येईल या धास्तीने कोणी हातही लावत नाही.

या गाड्यांना आपल्या भागात एक वेगळे नातेही आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, महिंद्रा कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ही जीप खेड्यापाड्यांत पोहोचली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाड्या बाहेर पडल्या आणि १९७० च्या दशकात त्याच गाडीला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली. फियाटचा पुढचा कारखाना मात्र शिरूर तालुक्यात रांजणगावला झाला, आणि २०१७ पासून तिथे जीप नावाचीच नवी मोटार तयार होऊ लागली. तेव्हा फियाट काय आणि जीप काय, दोन्ही नावे आता आपल्याच तालुक्याची झाली म्हणायची.

सगळी गाडी एकदम दुरुस्तीला टाकायची म्हटले तर खर्च झेपत नाही. परंतु तिचे सुटे भाग साफ करणे, गंज काढणे, अस्तर देणे आणि रंगवणे हे काम चिकाटीचे असले तरी फार अवघड नाही. घरातली तरुण मुले सुगी आटोपल्यावर ते अंगणात करू शकतात. पेंटरच्या मजुरीतला मोठा वाटा तयारीचाच असतो आणि तो आपल्या हाताने वाचतो. हीच रीत कडबाकुट्टी, नांगर, जुने ऑइल इंजिन आणि ट्रॅक्टरचे पत्रे यांनाही लागू पडते. मात्र या कामात काही धोके असे आहेत की ते दिसत नाहीत. म्हणून काम आणि सावधगिरी दोन्ही बरोबरच सांगतो.

आधी वाटणी, मग हत्यार

पहिला पाना लावण्याआधी प्रत्येक भागाचा जागेवरच मोबाइलवर फोटो काढावा. काढलेला प्रत्येक नट-बोल्ट ज्या भागाचा, त्या भागाच्या नावाची चिठ्ठी घालून वेगळ्या पिशवीत ठेवावा. गाडी उघडायला दोन दिवस लागतात आणि जोडायला दोन महिने. तेव्हा आठवणीवर विसंबणाऱ्याची फजिती होते.

नंतर सुट्या भागांचे चार ढीग करावेत. पहिला साध्या लोखंडाचा: बिजागऱ्या, ब्रॅकेट, बॅटरीचा ट्रे, सीटच्या चौकटी, चाकांच्या डिश, लहान पत्रे. दुसरा ढीग अ‍ॅल्युमिनियम व जस्तमिश्र ओतीव धातूचा. त्यात कार्बोरेटर, दाराची हँडले आणि नावाच्या पट्ट्या येतात. तिसरा पितळ-तांब्याचा आणि चौथा चकाकत्या क्रोमचा. लोखंड आहे की नाही याची शंका आली तर लोहचुंबक लावून पाहावे. जे औषध लोखंडाला मानवते ते अ‍ॅल्युमिनियमला खाऊन टाकते, म्हणून ही वाटणी आधी करायची.

याशिवाय एक पाचवा ढीग असतो. तो घरी हाताळायचा नसतो. ब्रेक, स्टिअरिंगचे सांधे, पाट्यांच्या व इतर स्प्रिंगा, चॅसीला गेलेल्या चिरा आणि पेट्रोलची टाकी हे सगळे जाणत्या मेकॅनिककडेच न्यावे. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ महिनोन्‌महिने टिकते. अशा टाकीला घरी वेल्डिंग लावणे म्हणजे बॉम्बला बत्ती देणे होय.

तेलकटपणा आणि जुना रंग

तेल-ग्रीस असलेल्या भागावर कोणताही उपाय चालत नाही. आधी खरडणीने थर काढावा, मग थोड्या डिझेलने ब्रशने घासावे आणि शेवटी धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने धुवावे. अ‍ॅल्युमिनियमला मात्र सोडा न लावता भांडी घासायचे साधे पावडर वापरावे. हे काम चुलीपासून व विडी-काडीपासून दूर, उघड्यावर करावे.

इथे पहिली ताकीद. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या पट्ट्यांत, क्लचप्लेटमध्ये आणि काही गॅस्केटांत अ‍ॅस्बेस्टॉस वापरलेले असे. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि पुष्कळ वर्षांनी असाध्य रोग होऊ शकतात. म्हणून ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने किंवा तोंडाने कधीही फुंकू नये आणि कोरड्या ब्रशने झाडू नये. पाण्याने ओली करून फडक्याने पुसावी आणि ते फडके पिशवीत बांधून टाकावे.

दुसरी ताकीद शिशाची. पूर्वीच्या रंगांत आणि तांबूस-नारिंगी अस्तरांत शिसे घालण्याची पद्धत होती. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाख भागांत ९० भाग अशी मर्यादा आली ती २०१७ च्या नोव्हेंबरपासून, आणि तीही घरगुती व शोभेच्या रंगांपुरती. तेव्हा तीस-चाळीस वर्षांच्या गाडीवरचा रंग शिशाचा आहे असे धरूनच वागावे. लहान मुलांच्या पोटात थोडे शिसे गेले तरी मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो आणि तो भरून येत नाही. म्हणून जुना रंग कोरडा घासू नये, ग्राइंडरने उडवू नये, आणि बत्तीने किंवा शेकोटीत टाकून तर मुळीच जाळू नये. खाली ताडपत्री अंथरावी, वॉटर पेपर पाण्यात बुडवून ओलाच घासावा. पडलेला लगदा ताडपत्रीसकट गोळा करावा. रांगणारी मुले व गरोदर बाई यांनी त्या बाजूला फिरकू नये. कामाचे कपडे घरच्या धुण्यात मिसळू नयेत आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नये.

नाकाला रुमाल बांधला म्हणजे झाले, असा पुष्कळांचा समज असतो. रुमालाने बारीक धूळही थांबत नाही आणि थिनरची वाफ तर नाहीच. घासताना दुकानातून चांगला धुळीचा मास्क आणावा, रंगवताना वाफ शोषणाऱ्या डब्या असलेला मास्क घ्यावा. कोरड्या वाळूचा मारा करून गंज काढण्याचा उद्योग तर घरी कधीच करू नये. त्या धुळीने सिलिकोसिस नावाचा फुप्फुसाचा रोग जडतो.

मळीतला गंज

आता आपल्या उसाच्या मुलखाला शोभेल असा उपाय. गंजलेले लोखंड उसाच्या मळीच्या पाण्यात बुडवून ठेवले की गंज सुटतो आणि खालचे चांगले लोखंड जवळजवळ तसेच राहते. मळीतले काही घटक गंजातल्या लोहाला धरून पाण्यात ओढून घेतात. जगभरचे जुन्या गाड्यांचे शौकीन हा उपाय करतात. आपल्याला तर तो घरचाच आहे.

साखर कारखान्याच्या मळीवर राज्य उत्पादन शुल्क खात्याचे नियंत्रण असते, म्हणून ती कोणाकडून चोरून आणू नये. पशुखाद्याच्या दुकानात मिळणारी मळी पावतीने घ्यावी. गुऱ्हाळावरची बिघडलेली काकवीही वापरून पाहता येईल. एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी असे मिश्रण प्लॅस्टिकच्या पिंपात करावे. तेल आणि रंग काढलेला भाग त्यात पूर्ण बुडेल असा तारेने टांगावा. दर तीन-चार दिवसांनी बाहेर काढून ब्रश मारून पाहावे. हलका गंज आठवड्यात निघतो, जाड गंजाला दोन-तीन आठवडे लागतात. उन्हाळ्यात काम लवकर होते. मिश्रण आंबते आणि वास मारते, म्हणून पिंप घरापासून लांब ठेवावे. अ‍ॅल्युमिनियम व जस्ताचे भाग त्यात टाकू नयेत, ते खराब होतात.

आणि झाकण! मळीच्या गोड वासाला गुरे भुलतात. शिशाचा रंग लागलेले पाणी एखाद्या वासराने चाटले तर ते आंधळे होते, झटके येतात आणि बहुधा दगावते. वासरांना शिशाची बाधा मोठ्या जनावरांपेक्षा लवकर होते, हे पशुवैद्य नेहमी सांगतात. म्हणून रंग आधी पूर्ण काढल्याशिवाय भाग मळीत टाकू नये. पिंपावर फळी ठेवून वर दगड ठेवावा. जुनी बॅटरीही गोठ्याजवळ पडू देऊ नये, तिच्यातही शिसेच असते.

बॅटरीच्या चार्जरने गंज काढणे

ज्यांच्याकडे बारा व्होल्टचा साधा बॅटरी चार्जर आहे त्यांना आणखी एक रीत करता येते. प्लॅस्टिकच्या टबात दहा लिटर पाण्याला सुमारे सव्वाशे ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवावा. चार्जरची काळी, म्हणजे वजा चिमटी गंजलेल्या भागाला लावावी. तांबडी चिमटी भंगारातल्या साध्या लोखंडी पट्टीला लावून ती पट्टी टबाच्या दुसऱ्या कडेला उभी करावी. तांबडी चिमटी पाण्याबाहेर राहील असे पाहावे. भाग आणि पट्टी एकमेकांना चिकटू देऊ नयेत. चार्जर सुरू केला की बुडबुडे येतात आणि काही तासांत गंज काळा होऊन ब्रशने सुटू लागतो. चिमट्या उलट लागल्या तर आपलाच भाग खाल्ला जाईल, हे ध्यानात ठेवावे.

बुडबुडे हायड्रोजनचे असतात आणि तो वायू ठिणगीने पेटतो. म्हणून हे काम उघड्यावर करावे आणि हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. सोड्याऐवजी मीठ घालू नये, त्यातून विषारी क्लोरीन निघतो. पट्टी म्हणून स्टेनलेस स्टीलचा चमचा किंवा ताट लावू नये. त्यातून क्रोमियमचे विषारी क्षार पाण्यात उतरतात. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे बोल्ट या टबात किंवा अ‍ॅसिडात टाकू नयेत. पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होते आणि ऐन वेळी तुटते.

अस्तर आणि रंग

गंज काढलेले लोखंड उघडे राहिले तर काही तासांत पुन्हा तांबूस होते. म्हणून भाग स्वच्छ पाण्याने धुवावा, उन्हात तापवून पूर्ण वाळवावा, थिनरच्या फडक्याने पुसावा आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइडचा पहिला हात द्यावा. पुसल्यानंतर उघड्या बोटांनी धरू नये, हाताचा घाम रंगाखाली राहतो. अ‍ॅल्युमिनियमला रेड ऑक्साइड धरत नाही, त्यासाठी वेगळे एच प्रायमर मिळते.

अस्तराचे दोन पातळ हात झाले आणि पूर्ण वाळले की खड्डे लांबीने भरावेत. लांबी पातळच लावावी, जाड लावलेली पुढे तडकते. वाळल्यावर ३२० नंबरच्या आणि नंतर ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाण्यात घासून गुळगुळीत करावे. मग इनॅमलचे दोन किंवा तीन पातळ हात, प्रत्येकात एक दिवसाचे अंतर ठेवून द्यावेत. जाड एक हात ओघळतो, पातळ तीन हात टिकतात. लहान भाग तारेने टांगून चांगल्या ब्रशने रंगवले तरी छान दिसतात, फवाऱ्याचे यंत्र लागतेच असे नाही. एका जातीच्या रंगावर दुसऱ्या जातीचा रंग देताना जपावे. इनॅमलवर एन. सी. रंग चढवला की खालचा थर फुगून सुरकुत्या पडतात. दोन डब्यांचा पी. यू. रंग पेंटरच्या शेडमध्येच मारून घ्यावा. त्याच्या हार्डनरच्या फवाऱ्याने कायमचा दमा जडू शकतो.

आपला भाग कमी पावसाचा, म्हणून रंगाला हवा चांगली. तरी दिवस पाहावा. थंडीत पहाटेच्या दवात रंगवले तर रंगाची चमक जाते. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटून धूळ बसते. ऊन वर आल्यापासून दुपारपर्यंतची वेळ साधावी आणि अंगणात आधी सडा घालून धूळ बसवावी. मूळ रंग कोणता होता ते पाहायचे असेल तर सीटखाली किंवा डॅशबोर्डमागे पाहावे, तिथे ऊन लागलेले नसते.

कुठे रंग लावू नये हेही महत्त्वाचे आहे. बोल्टच्या आट्यांना, ब्रेक ड्रमच्या आतल्या बाजूला आणि चाकाचे नट जिथे बसतात त्या जागी रंग नको. नटाखालचा रंग दबून झिजला की नट सैल पडतो आणि चाक निघण्याची पाळी येते. वायरिंगची अर्थ जिथे पत्र्याला लागते तिथे पत्रा उघडाच हवा, नाहीतर दिवे मंद लागतील आणि कारण सापडणार नाही. रंगवलेले भाग आठवडाभर वाळू द्यावेत, मग जोडावेत. ब्रेक ऑइलचा एक थेंबही नव्या रंगाला उठवतो, म्हणून ते लगेच पाण्याने धुवावे. बोल्ट बदलायचा झाला तर तेवढ्याच मजबुतीचा घ्यावा. फाटकाचा बोल्ट स्टिअरिंगला चालत नाही.

चकाकणारे भाग

क्रोमच्या बंपरवर बारीक गंजाचे ठिपके असतील तर अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ कागदाचा बोळा पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासावा. लोखंडी काथ्यापेक्षा हा मऊ असतो आणि ठिपके जातात. क्रोमच उखडले असेल तर ते काम प्लेटिंगच्या कारखान्याचे. घरी क्रोमिंग करण्याच्या फंदात कोणी पडू नये. त्याच्या द्रावणातला क्रोमियम कॅन्सर करणारा आहे.

पितळ-तांब्याला आपल्या आजीचा उपाय पुरेसा आहे. चिंच आणि मीठ लावून घासावे, स्वच्छ धुवावे आणि लगेच कोरडे करावे. अ‍ॅल्युमिनियमला रबिंग कंपाउंड आणि मऊ फडके. कॉस्टिक किंवा गरम सोडा त्याला दाखवूसुद्धा नये. हेडलाइटच्या आतल्या आरशाला बोट लावू नये. त्याचा चांदीसारखा थर नुसत्या पुसण्यानेही निघून जातो.

उरलेले पाणी कुठे ओतायचे?

सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे, आणि तोच कोणी विचारत नाही. महिनाभराच्या कामात डिझेलचे घाण पाणी, रंगाचा लगदा, थिनर आणि मळीचे काळे पाणी साठते. सवयीने ते बांधाकडे किंवा ओढ्यात ओतले जाते. ओढ्याचे पाणी विहिरीत झिरपते, पुढे घोडनदीला व भीमेला मिळते. आपल्याच विहिरीचे पाणी आपलीच सून हंड्यात भरते आणि आपलीच म्हैस पिते.

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. वापरलेले डिझेल-तेल पिंपात साठवावे, गाळ बसू द्यावा, वरचे पुन्हा वापरावे आणि शेवटी जुने ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्यावे. रंगाचा लगदा व घासलेले पेपर डब्यात घालून झाकण बंद करावे. ते शेणखतात, उकिरड्यावर किंवा चुलीत टाकू नये. उकिरड्यावरचे शिसे खतातून शेतात व भाजीत जाते. ज्या मळीत नुसते रंग काढलेले साधे लोखंड बुडवले ती विहिरीपासून दूर, कोरड्या जागी आटू द्यावी. रंग मिसळल्याचा संशय असेल तर तीही डब्यातच जमा करावी. मोठ्या औद्योगिक वसाहतींत घातक कचरा रीतसर उचलणारे लोक असतात. रांजणगाव किंवा कुरकुंभला कामाला जाणारा घरातला कोणी असेल तर त्याने चौकशी करावी.

कागदपत्रे

गाडी उजळण्यापूर्वी तिचे कागद पेटीतून काढून पाहावेत. गाडीचा रंग नोंदणी पुस्तकात लिहिलेला असतो, तो बदलायचा झाला तर परिवहन कार्यालयात नोंद करावी लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवावी लागते. चॅसी आणि इंजिनावरचे आकडे घासताना पुसले जाणार नाहीत याची खबरदारी घ्यावी. ते गेले तर गाडी कायद्याने परकी होते.

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने २०२१ साली वेगळे नियम केले. मूळ स्वरूपात राखलेली, फारसा फेरबदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात जुनी ऐतिहासिक गाडी म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात ‘व्ही ए’ ही अक्षरे येतात. नियम झाले तेव्हा नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि नूतनीकरणाची ५,००० रुपये ठेवली होती, आणि नोंदणी दहा वर्षांची. अशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची रॅली, तांत्रिक संशोधन व देखभाल अशा कारणांसाठीच ती काढता येते. तेव्हा जिला बाजाराला न्यायची आहे तिची साधी नोंदणीच चालू ठेवावी. म्हणूनही मूळ भाग फेकून नवे बसवण्यापेक्षा जुनेच उजळून लावण्यात शहाणपण आहे.

एका हंगामात सगळी गाडी होणार नाही. या वर्षी दारांच्या बिजागऱ्या आणि चाके, पुढच्या वर्षी सीटच्या चौकटी व लहान पत्रे, असे ठरवून घ्यावे. मुलांना ओला कागद कसा धरायचा आणि लांबी किती पातळ लावायची ते शिकवावे. हाताला वळण लागले की शेतीची अवजारेही त्याच हातांनी टिकतील. आजोबांची जीप पुन्हा दारात उभी राहिली तर आनंदच आहे. मात्र ती उभी राहीपर्यंत विहिरीचे पाणी चांगले आणि दावणीची वासरे धडधाकट राहिली, तरच हे काम नीट झाले असे म्हणता येईल.